तळावरचा विषारी शैवालबहर मोजायचा कसा? पहिल्या जाळीपासून शेवटच्या आकड्यापर्यंत

रेड टाइड ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. पाणी तांबूस होतं, मेलेले मासे किनाऱ्याला लागतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. समुद्राच्या तळावर येणाऱ्या बहराचं तसं नसतं. बोटीतून वाकून पाहिलं तर चार-पाच मीटर खालचे प्रवाळ मोजता येतील इतकं पाणी नितळ असतं. मासे निवांत चरत असतात. ज्या शैवालांच्या झुपक्यांवर ते चरतात, नेमक्या त्यांच्यावरच विषारी पेशी चिकटून बसलेल्या असतात. बाटलीभर पाणी काढून आणलं तर त्यात जवळजवळ काहीच सापडत नाही, आणि अहवालात ‘आढळले नाही’ असं लिहून आपण मोकळे होतो.

तशी वेळ येऊ नये म्हणून हा लेख. सागरी जीवशास्त्राचे विद्यार्थी, किनाऱ्यावर नियमित नमुने घेऊ पाहणारे गट, छोट्या प्रयोगशाळा हे वाचक डोळ्यांसमोर आहेत. मायक्रोस्कोप हाताळता येतो आणि पाण्यात उतरायची सवय आहे, एवढं गृहीत धरतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे फिरून फिरून तिथेच यायचं आहे. या कामात पेशी मोजणं फारसं अवघड नाही. त्या ‘कशामागे’ मोजल्या हे ठरवणं अवघड आहे. पाण्यात तरंगणाऱ्या प्लवकांचा छेद, म्हणजे भागाकारातली खालची संख्या, सरळ आहे: एक लिटर. तळावरच्या पेशींचा छेद काय धरायचा? एक ग्रॅम शैवाल? शंभर चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग? पृष्ठभाग कशाचा, खडकाचा की पानाचा? अंश सगळेच काळजीने मोजतात. गफलत होते ती छेदात.

शोधतोय कोणाला

तळावरच्या बहरांतली मुख्य मंडळी डायनोफ्लॅजेलेट या पोहणाऱ्या एकपेशीय जीवांच्या गटातली. गॅम्बिअरडिस्कस, तिच्यातून २०१५ साली वेगळी काढलेली फुकुयोआ, ऑस्ट्रिऑप्सिस, प्रोरोसेंट्रम, कूलिया आणि अ‍ॅम्फिडिनियम या सहा प्रजाती ओळखता आल्या की बरंचसं काम भागतं. (या लेखात प्रजाती म्हणजे वरचा गट आणि जाती म्हणजे त्यातली एकेक, असाच वापर आहे.)

गॅम्बिअरडिस्कसमुळे सिग्वाटेरा, म्हणजे मासे खाऊन होणारी एक विषबाधा, होते. तिच्या पेशी शैवालासोबत शाकाहारी माशांच्या पोटात जातात, तिथून मोठ्या शिकारी माशांत आणि शेवटी माणसांत. वाटेत माशांच्या शरीरात विषाचं रूप बदलतं आणि ते अधिक जहाल होतं. मासा दिसायला, चवीला, वासाला अगदी चांगला असतो. शिजवून किंवा गोठवून विष जात नाही. खाणाऱ्याला उलट्या-जुलाब होतात, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, आणि गार वस्तूला हात लावला तर चटका बसल्यासारखं वाटतं. १७७४ साली जेम्स कुक यांच्या ‘रिझोल्यूशन’ जहाजावरची माणसं नैऋत्य पॅसिफिकमध्ये मासे खाऊन आजारी पडली. त्या नोंदींतली लक्षणं आजच्या डॉक्टरला लगेच ओळखू येतील.

कारण हाती लागायला मात्र दोनशे वर्षं गेली. हे विष तळावरच्या एखाद्या जीवातून अन्नसाखळीत शिरत असावं, असा तर्क जॉन रँडल यांनी १९५८ साली मांडला. १९७७ मध्ये ताकेशी यासुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फ्रेंच पॉलिनेशियातल्या गॅम्बिअर बेटांवर तो जीव सापडला. १९७९ मध्ये अदाची आणि फुकुयो यांनी त्याला ‘गॅम्बिअरडिस्कस टॉक्सिकस’ हे नाव दिलं. पुढे १९९५ पर्यंत या प्रजातीत ही एकच जाती मानली जात होती. आज डझनाहून अधिक जाती माहीत आहेत. त्यामुळे त्या काळातल्या निबंधात ‘टॉक्सिकस’ असं वाचलंत तर मनात ‘कुठली तरी गॅम्बिअरडिस्कस’ असंच म्हणायचं. जुन्या आकड्यांची नव्यांशी तुलना करताना इथेच पाय घसरतो.

ऑस्ट्रिऑप्सिसची तऱ्हा वेगळी. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर सुमारे दोनशे लोकांना ताप, खोकला, नाक वाहणं, धाप लागणं अशा तक्रारींसाठी उपचार घ्यावे लागले. त्यांनी मासे खाल्ले नव्हते; बरेच जण तर पाण्यातही उतरले नव्हते. लाटांतून उडालेल्या तुषारांनी त्यांना गाठलं होतं. प्रोरोसेंट्रम लिमा ओकाडाइक आम्ल हे जुलाब घडवणारं विष बनवते आणि शिंपल्यांमार्फत माणसाच्या पोटात पोचते. बाकीच्या प्रजातींचा त्रास तुलनेने कमी नोंदला गेलाय, पण त्याच नमुन्यात त्याही दिसतात, म्हणून ओळख हवी.

पाण्यात उतरण्याआधी

प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. ‘इथे गॅम्बिअरडिस्कस आहे का?’, ‘वर्षभरात ती कधी वाढते?’ आणि ‘इथले मासे खायला सुरक्षित आहेत का?’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची पद्धत वेगळी आहे. पहिल्यासाठी जमेल तितक्या प्रकारच्या जागांवरून नमुने घ्यावे लागतात. दुसऱ्यासाठी एकाच जागेवर, एकाच पद्धतीने, न चुकता जावं लागतं. तिसऱ्याचं उत्तर पेशी मोजून मिळतच नाही. त्याला माशांची विषचाचणी लागते. एका मोहिमेत तिन्ही उरकायला निघालेले लोक मी पाहिलेत. परत येताना त्यांच्याकडे बाटल्या भरपूर असतात, उत्तर एकाचंही नसतं.

जागा निवडताना प्रजातीचा स्वभाव लक्षात घ्या. गॅम्बिअरडिस्कसला आडोसा मानवतो, स्थिर खारेपणा लागतो आणि फार प्रखर उजेड आवडत नाही. तिच्या बहुतेक जातींची सर्वोत्तम वाढ साधारण २६ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान होते. ऑस्ट्रिऑप्सिस उथळ, खडकाळ आणि उन्हाच्या जागी भेटते. प्रवाळ मेल्यावर किंवा वादळाने मोडल्यावर उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर शैवाल उगवतं आणि या पेशींना राहायला नवी जागा मिळते. त्यामुळे अशी ठिकाणं यादीत असू द्या, पण एक धडधाकट जागाही ठेवा. तुलनेला काही तरी लागतंच.

तापमानासाठी महिन्यातून एकदा थर्मामीटर बुडवून भागत नाही. दर तासाला नोंद करणारं छोटं लॉगर तळाशी बांधून ठेवा. या पेशी हळू वाढतात; गॅम्बिअरडिस्कसची संख्या दुप्पट व्हायला कित्येक दिवस जातात. म्हणून आज दिसणारी संख्या आजच्या तापमानाची नसते, गेल्या काही आठवड्यांची असते.

परवानग्या आधी घ्या. प्रवाळ क्षेत्र संरक्षित असेल तर शैवाल तोडायलाही लेखी परवाना लागू शकतो. ऑस्ट्रिऑप्सिसचा बहर असण्याची शक्यता असेल तर अंग झाकणारा डायव्हिंग सूट, हातमोजे आणि पूर्ण चेहरा झाकणारा मास्क वापरा. लाटा फुटत असलेल्या खडकावर उभं राहून नमुने हाताळू नका.

शैवाल झटकून पेशी काढणं

ही सगळ्यांत जुनी आणि अजूनही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत. ऐकायला सोपी आहे: शैवाल उपटा, पिशवीत हलवा, पाणी गाळा, पेशी मोजा. करताना चार ठिकाणी नुकसान होतं.

पहिलं नुकसान उपटताना. या पेशी शैवालाला घट्ट चिकटलेल्या नसतात. चिकट धाग्याने अडकलेल्या किंवा नुसत्या टेकलेल्या असतात. शैवालाला हात लागताच बऱ्याचशा सुटून पाण्यात जातात. म्हणून हात आधी न घालता झिप लॉकची पिशवी आधी घालायची. झुपक्यावर पिशवी टोपीसारखी हळूच चढवायची, मग बाहेरून बुडाशी चिमटीत धरून तोडायचं आणि पाण्याखालीच पिशवी बंद करायची. आत आलेलं समुद्राचं पाणी नमुन्याचाच भाग आहे, ते ओतून द्यायचं नाही.

दुसरं झटकताना. एक ते दोन मिनिटं जोरात, घड्याळ लावून. पाणी गढूळ, मातकट होतं; त्या गाळातच आपला माल असतो. शैवाल बाहेर काढा, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात पुन्हा झटका आणि हे दुसरं पाणी वेगळं मोजा. दुसऱ्या खेपेला एकूण पेशींच्या दहा टक्क्यांहून जास्त निघाल्या तर त्या शैवालासाठी तिसरी खेप कायमची ठरवून टाका. ही तपासणी प्रत्येक प्रकारच्या शैवालासाठी एकदा तरी करावी. गोड्या पाण्यात चुकूनही झटकू नका, पेशी फुटतात.

तिसरं गाळताना. वर २०० किंवा २५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणी ठेवा, म्हणजे शैवालाचे तुकडे, वाळू आणि बारीक किडे अडतील. खाली २० मायक्रॉनची, तिच्यावर पेशी जमतील. गॅम्बिअरडिस्कसची पेशी साधारण ६० ते १०० मायक्रॉनची, त्यामुळे ती निसटत नाही. अ‍ॅम्फिडिनियमसारख्या छोट्या पेशी मात्र २० मधून जातात. त्या हव्या असतील तर खालची चाळणी १० मायक्रॉनची घ्या आणि ती लवकर तुंबेल हे मान्य करा. वरच्या चाळणीवरचा चोथा दोन-तीनदा धुवायचा. खालच्या चाळणीवर जमलेलं सगळं पिचकारीने उलट्या बाजूने धुऊन मोजमापाच्या नळीत घ्यायचं आणि ठरलेल्या आकारमानापर्यंत, समजा ५० मिलिलिटर, भरायचं.

चौथं नुकसान वजन करताना होतं, आणि इथेच छेद बिघडतो. ओल्या शैवालाचं वजन म्हणजे शैवाल अधिक त्याने धरून ठेवलेलं पाणी. तंतुमय शैवाल स्पंजासारखं पाणी धरतं. कोणी टिपकागदावर ठेवतं, कोणी पिळतं, कोणी नुसतं झटकतं. तिघांची वजनं तीन येतात. मला सगळ्यांत भरवशाचा वाटलेला उपाय म्हणजे हाताने फिरवायची, पाणी निथळायची जाळीची टोपली. दर नमुन्याला तेवढेच फेरे, मग लगेच वजन.

आता हिशोब करून पाहू. ८० ग्रॅम जाड, चामड्यासारख्या शैवालातून ५० मिलिलिटर द्रव मिळाला. त्यातल्या १ मिलिलिटरमध्ये २४ पेशी दिसल्या. एकूण १२०० पेशी. भागिले ८०, म्हणजे ग्रॅममागे १५. शेजारच्या मऊ, तंतुमय शैवालाचा झुपका २० ग्रॅमचा. त्यातूनही नेमक्या १२०० पेशी निघाल्या, म्हणजे ग्रॅममागे ६०. दुसऱ्या शैवालावर चौपट बहर आहे का? कोणास ठाऊक. एक ग्रॅम तंतुमय शैवालाचा पृष्ठभाग एक ग्रॅम जाड शैवालापेक्षा कितीतरी जास्त असतो. पेशी कदाचित दोन्हीकडे सारख्याच दाटीने बसल्या असतील. शिवाय पुढच्या ऋतूत तंतुमय शैवाल नाहीसं झालं तर त्याची तुलना कशाशी करणार? ‘ग्रॅममागे पेशी’ हा आकडा एकाच जातीच्या शैवालापुरता चालतो. शैवाल बदललं की त्याचा अर्थ बदलतो.

जाळीची पद्धत

ही अडचण टाळायला कृत्रिम पृष्ठभाग वापरतात. पॅट्रिशिया टेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तपशीलवार मांडलेली जाळीची पद्धत मी कोणालाही सुरुवातीला सुचवेन. साहित्य अगदी साधं: खिडकीला लावतात ती काळी फायबरग्लासची मच्छरजाळी. तिचे १०.२ गुणिले १५.२ सेंटिमीटरचे तुकडे कापायचे. मासेमारीच्या दोऱ्याला खाली वजन, वर छोटा तरंगता गोळा आणि मध्ये ही जाळी, तळापासून साधारण वीतभर उंचीवर. पाण्याबरोबर ती हलत राहते. आजूबाजूच्या शैवालांवरून सुटलेल्या पेशी तिच्यावर येऊन बसतात.

चोवीस तास ठेवायची. पेशी सतत सुटत असतात आणि बसत असतात. एका दिवसात जाळीवरची संख्या भोवतालच्या संख्येशी नातं सांगू लागते. जास्त दिवस ठेवली तर जाळीवर स्वतःचंच शेवाळ धरतं आणि ती कोरी राहत नाही. मग आपण पुन्हा त्याच जुन्या प्रश्नात अडकतो. वापरलेली जाळी पुन्हा वापरू नये.

काढताना रुंद तोंडाची एक लिटरची प्लास्टिकची बरणी पाण्याखाली जाळीच्या खालून हळूच वर आणायची, जाळी आत आली की दोरा कापायचा आणि झाकण लावायचं. जाळी ओढत वर आणलीत तर निम्म्या पेशी वाटेतच जातात. बरणी वर आणल्यावर तसंच झटकणं आणि गाळणं.

एका जागेवर किती जाळ्या? तीनपेक्षा कमी नकोत, पाच असल्या तर उत्तम. या पेशी तळावर ठिपक्याठिपक्यांनी राहतात. हातभर अंतरावरच्या दोन जाळ्यांचे आकडे दुप्पट-तिपटीने वेगळे येऊ शकतात. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. चुकलेलं नसतं, तळ तसाच असतो. पाचही जाळ्यांचं पाणी एकत्र करून एकच मोजणी करायचा मोह होतो, वेळही वाचतो. पण मग तो चढउतार कायमचा हरवतो आणि पुढच्या महिन्यात संख्या खरंच वाढली की नाही हे सांगायला आधार राहत नाही.

हिशोब: जाळीचं क्षेत्रफळ १५५ चौरस सेंटिमीटर. द्रव ५० मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १८ पेशी, म्हणजे जाळीवर ९००. शंभर चौरस सेंटिमीटरमागे ५८०. आता कोणी म्हणेल, जाळीला दोन बाजू आहेत. मग क्षेत्रफळ ३१० आणि उत्तर २९०. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कोणतं वापरलं ते लिहिलं पाहिजे. न लिहिल्यामुळे पुढे कोणीतरी दोन किनाऱ्यांची तुलना करताना दुपटीची चूक करून बसतो.

जाळीच्याही मर्यादा आहेत. लाटांचा मारा जास्त असेल तर ती भरवशाची नाही. खडकावरच्या पेशींची खरी दाटी ती सांगत नाही, दोन वेळांची आणि दोन जागांची तुलना मात्र नीट करू देते. मी शक्यतो दोन्ही पद्धती बरोबर चालवतो: दर खेपेला जाळ्या, आणि ऋतूतून एकदा-दोनदा शैवालाचे नमुने.

ऑस्ट्रिऑप्सिससाठी पाण्याचाही नमुना घ्यावा, शैवालाच्या वर वीतभर अंतरावरून. ती दिवसाच्या ओघात तळ सोडून वर येते, तिचे चिकट तपकिरी पुंजके पृष्ठभागावर तरंगताना दिसतात. त्यामुळे सकाळी आठला घेतलेल्या आणि दुपारी एकला घेतलेल्या नमुन्याची तुलना करता येत नाही. एक वेळ ठरवा आणि ती पाळा.

एका नमुन्याचे तीन वाटे

बोटीवरच किंवा किनाऱ्यावर लगेच नमुना वाटून टाका. एक वाटा मोजणीसाठी ल्युगोलच्या, म्हणजे आयोडीनच्या, द्रावणात, शंभर मिलिलिटरला साधारण एक मिलिलिटर. पाणी फिकट तपकिरी दिसलं की पुरे. बाटली गडद काचेची आणि अंधारात ठेवलेली हवी, कारण आयोडीन उडून जातं. काही महिन्यांनी रंग गेला असेल तर पुन्हा थोडं घालायचं. पेशींच्या कवचाची बारकाईने ओळख पटवायची असेल तर वेगळा भाग फॉर्मेलिनमध्ये घ्या. दुसरा वाटा फिल्टरवर ओढून गोठवायचा किंवा इथेनॉलमध्ये ठेवायचा, डीएनएसाठी. तिसरा वाटा जिवंत, काहीही न घालता, उन्हापासून दूर. त्यातूनच पुढे पेशी वाढवता येतात.

लेबलांबद्दल एक अनुभव. सुरुवातीच्या काळात मी बाटल्यांवर मार्करने लिहायचो, ‘पाण्याने न पुसणारा’ असं त्यावर छापलं होतं. ते खरंच होतं. पण झाकणांतून इथेनॉल झिरपलं आणि पेटी उघडली तेव्हा बावीसपैकी तेरा बाटल्यांवर जांभळे ओघळ तेवढे होते. तेव्हापासून जलरोधक कागदाची पट्टी, पेन्सिलीने लिहिलेली, बाटलीच्या आत टाकतो. वरती लिहायचं ते लिहा, पण आतली पट्टी हवीच.

मायक्रोस्कोपखाली

मोजण्याआधी जिवंत वाट्यातला एक थेंब पाहा. स्थिर केलेल्या पेशी सगळ्याच तपकिरी गोळ्यांसारख्या दिसतात. चालीवरून माणूस ओळखावा तशा जिवंत पेशी हालचालीवरून ओळखू येतात. गॅम्बिअरडिस्कस म्हणजे वरून-खालून दाबलेलं गोल भिंग. ती संथ, डुलत पोहते, गाळाच्या कणाला टेकली की तिथेच थांबते. ऑस्ट्रिऑप्सिसचा आकार थेंबासारखा, एका टोकाला निमुळता. त्या निमुळत्या टोकाने चिकट धाग्याला अडकून ती त्या बिंदूभोवती गोल गोल फिरत राहते. एकदा पाहिलंत की विसरणार नाही. कूलिया जवळजवळ गोलाकार आणि चपळ. प्रोरोसेंट्रम लिमा अंडाकृती, दोन झडपांची, मधोमध पायरेनॉइड नावाचा एक ठळक गोल भाग. अ‍ॅम्फिडिनियमला कवच नसतं, चपटी असते, आणि पुढचं टोक एका बाजूला वळलेलं दिसतं.

मोजणीसाठी सेजविक-राफ्टरचा १ मिलिलिटरचा चेंबर, म्हणजे ठरावीक द्रव मावणारी खोलगट काचपट्टी, पुरतो. बाटली हलवताना जोरात घुसळू नका, हळू उलटी-सुलटी करा, आणि पेशी खाली बसण्याआधी ड्रॉपर भरा. या पेशी जड असतात. तुम्ही वहीत नाव लिहीपर्यंत त्या तळाला जातात आणि ड्रॉपरमध्ये नुसतं पाणी येतं.

किती पेशी मोजल्या यावर आकड्याची किंमत ठरते. ढोबळ नियम असा की चूक दोन भागिले मोजलेल्या पेशींचं वर्गमूळ, इतकी धरायची. वरच्या उदाहरणातल्या १८ पेशींवर ती जवळजवळ ४७ टक्के निघते. म्हणजे ते ‘५८०’ साधारण तीनशे ते साडेआठशेच्या मध्ये कुठेही असू शकतं. १०० पेशी मोजल्या तर २० टक्के, ४०० मोजल्या तर १०. कमी पेशींचे नमुने असतील तर एका चेंबरवर थांबू नका, तीन-चार मोजा.

प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली प्रजातीपर्यंत ओळख पटते. जातीपर्यंत जाऊ नका, कितीही खात्री वाटली तरी. गॅम्बिअरडिस्कसच्या जाती कवचावरच्या पट्ट्यांच्या आकारावरून वेगळ्या करतात. त्या पाहायला ल्युगोलचा रंग सोडियम थायोसल्फेटने घालवून कॅल्कोफ्लुअर हा चमकणारा रंग लावायचा. अतिनील प्रकाशात पट्ट्यांच्या सीमा निळ्या उजळतात. तरीही काही जातींसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा डीएनए लागतोच. डीएनएसाठी सहसा रायबोसोमच्या जनुकांचे तुकडे वाचतात, आणि क्यूपीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवत मोजण्याच्या तंत्राने) जातीनिहाय संख्याही काढता येते. मात्र पेशीमागे त्या जनुकाच्या प्रती जातीजातीत वेगळ्या असतात. स्थानिक संवर्धनातल्या मोजलेल्या पेशींवर आधी प्रमाणीकरण केलं नसेल तर क्यूपीसीआरचा आकडा ‘पेशी’ म्हणून छापू नये. पुन्हा छेदच.

पेशी वाढवणं

थोडक्यात सांगतो, कारण हे हातानेच शिकायचं काम आहे. काचेची बारीक नळी ज्योतीवर ताणून केसासारखी करायची, तिने एक पेशी उचलायची, स्वच्छ थेंबातून तीन-चार वेळा धुवायची, मग पोषक द्रावणाच्या खोबणीत सोडायची. द्रावण ‘के’ किंवा ‘एफ/२’. सुरुवातीला पातळ केलेलं बरं. डायटम (सिलिकाच्या कवचाची एकपेशीय शैवालं) मध्ये घुसले तर जर्मेनियम डायऑक्साइड थोडं घालतात. बहुतेक पेशी मरतात. चाळीस उचलल्या आणि सहा वाढल्या तर दिवस चांगला गेला असं समजा. धीर धरा, दोन आठवडे काही दिसलं नाही म्हणून फेकून दिलेली खोबण तिसऱ्या आठवड्यात भरली असती.

विषाचा प्रश्न

इथे छोट्या प्रयोगशाळेने नम्र राहावं. सिग्वाटॉक्सिनचं, म्हणजे सिग्वाटेराच्या विषाचं, प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की यासुमोतो यांच्या गटाला त्याची रचना शोधण्यासाठी चार हजार किलो मोरे ईल या सापासारख्या माशांतून अवघं ०.३५ मिलिग्रॅम शुद्ध विष मिळालं होतं. अमेरिकेच्या एफडीए या अन्न आणि औषध नियंत्रण संस्थेची मार्गदर्शक मर्यादा पॅसिफिकमधल्या विषासाठी किलोमागे ०.०१ मायक्रोग्रॅम आहे आणि कॅरिबियनमधल्यासाठी ०.१. पेशीत ते पिकोग्रॅमच्या (मायक्रोग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या) घरात किंवा त्याहून कमी असतं. त्यामुळे चाचणीला लाखो पेशी लागतात, आणि त्या संवर्धनातूनच मिळतात.

चाचण्यांचे दोन गट. एक, परिणाम पाहणाऱ्या: उंदराच्या चेतापेशींच्या संवर्धनावर अर्क टाकून किती पेशी मरतात ते पाहणं, किंवा चेतापेशीत सोडियम आत सोडणाऱ्या मार्गिकेला विष किती चिकटतं ते मोजणं. दोन, रेणू ओळखणाऱ्या: एलसी-एमएस/एमएस, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र. पहिली सांगते ‘काहीतरी आहे आणि इतकं जहाल आहे’, दुसरी सांगते ‘हे नेमकं अमुक आहे’. दोन्ही जुळल्या तरच ठामपणे लिहावं. ज्या प्रयोगशाळेकडे नमुने पाठवणार तिला आधी विचारून घ्या: किती पेशी, कोणत्या भांड्यात, कोणत्या तापमानाला. सगळं गोळा झाल्यावर विचारलंत तर सहसा उशीर झालेला असतो.

पेशी जास्त म्हणजे विष जास्त, हे समीकरण मनातून काढून टाका. जातीजातींत विषाचा फरक शेकडो पटींचा असतो. पॅसिफिकमधली गॅम्बिअरडिस्कस पॉलिनेसिएन्सिस आणि अटलांटिकमधली गॅम्बिअरडिस्कस एक्सेंट्रिकस या जहाल म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्या थोड्या पेशी सौम्य जातीच्या दाट थरापेक्षा जास्त विष बनवू शकतात.

ऑस्ट्रिऑप्सिसचे अर्क हाताळताना धुराचं कपाट आणि हातमोजे अनिवार्य. तिची विषं पॅलिटॉक्सिन या अतिजहाल सागरी विषाच्या कुटुंबातली आहेत. वाळवलेल्या पेशींची भुकटी उघड्या टेबलावर खरवडू नये.

बहर म्हणायचं कधी

ऑस्ट्रिऑप्सिससाठी भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर पाण्यातल्या पेशींच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत. इटलीने २०१० मध्ये आंघोळीच्या पाण्यासाठी लिटरला १०,००० पेशी ही पातळी घातली. गॅम्बिअरडिस्कससाठी सर्वत्र लागू होईल अशी मर्यादा नाही, आणि जातींतला फरक पाहता ती कशी ठरवणार हाही प्रश्नच. तेव्हा ‘बहर’ हा शब्द तुमच्या जागेच्या नेहमीच्या पातळीच्या तुलनेतच वापरता येतो, आणि ती नेहमीची पातळी कळायला निदान सलग एका वर्षाचे आकडे लागतात. पहिल्या वर्षात आकडा कितीही चढला तरी ‘वाढ’ म्हणा.

मोठा आकडा आला की आधी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळ्या टाका. तोच चढ दिसला आणि जाळ्याजाळ्यांतला फरक त्याहून कमी असला, तर स्थानिक आरोग्य आणि मत्स्य विभागाला कळवा. युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागर आयोगामार्फत चालणाऱ्या ‘हाएडाट’ या माहितीसंचात घातक शैवालांच्या घटना नोंदवल्या जातात. तुमच्या देशाचा प्रतिनिधी कोण ते आधीच शोधून ठेवा, कारण घाईत ते सापडत नाही.

नोंदवहीचं पान असं आखा: तारीख, वेळ, खोली, तळ कशाचा, शैवाल कोणतं, जाळीची एक बाजू धरली की दोन, किती तास ठेवली, चाळणी किती मायक्रॉनची, द्रवाचं एकूण आकारमान, चेंबर किती मोजले, प्रत्यक्ष दिसलेल्या पेशी किती. गुणाकार-भागाकार करून आलेला अंतिम आकडा सगळ्यांत शेवटच्या रकान्यात, तोही पेन्सिलीने. कच्चे आकडे शाईने.